सहा टिकल्यांचा टेम्पो

खेळण्यातल्या ठोकळ्यांवर जे गोल उंचवटे असतात, त्यांना मी टिकल्या म्हणते. माझा टेम्पो सहा टिकल्या रुंद, तळहातावर मावेल एवढा. एवढ्याशा जागेत पुढची चाकं वळलीही पाहिजेत आणि खड्ड्यात वरखालीही झाली पाहिजेत. एक बसवावं तर दुसरं अडतं. नाशिक रोडच्या आमच्या फ्लॅटमधलं जेवणाचं टेबल मी तीन आठवडे अडवून ठेवलं होतं. पन्नाशीची बाई ठोकळे खेळते म्हणून नवऱ्याने हसून घेतलं. मग त्याचा चहा त्यालाच करावा लागला.

हौस होतीच, पण डाव वेगळा होता. माझ्या वडिलांनी सायखेड्याहून नाशिकच्या मार्केटला जन्मभर भाजीचा टेम्पो नेला. काचबिंदूने नजर अधू झाली तशी त्यांनी गाडी विकली आणि आमच्याकडे राहायला आले. तेव्हापासून गाडीचा विषय बंद, नजरेचाही बंद. विचारलं की "दिसतंय की!" म्हणायचे आणि पेपर उलटा धरून बसायचे. एकदा कबूल केलं असतं तर मदत तरी करता आली असती. निदान गाडीवरून तरी बोलते व्हावेत, म्हणून हा खटाटोप.

शेवटी टेम्पो झाला. टपावरची कळ फिरवली की चाकं वळत. पुढे-मागे रबरबँडचं सस्पेन्शन. कंगव्याच्या दातांवरूनही तो अलगद गेला. मी ऐटीत वडिलांच्या हातात दिला. त्यांनी बोटाने मागचा भाग दाबून पाहिला.

"रिकामी गाडी काय तपासतीस? माल भर."

मी हौद्यात चार द्राक्षं ठेवली. मागची बाजू बसली, पुढची चाकं उचलली गेली आणि कळ फिरवूनही गाडी सरळ जाऊन साखरेच्या डब्यावर आदळली.

"हे रबराचे पाटे लय नरम. पुढची चाकं हवेत, मग स्टेअरिंग काय करणार?" ते पोटभर हसले. मी फणकारून उठले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आले, तर टेबलावर नुसता ठोकळ्यांचा ढीग आणि समोर वडील. माझं डोकंच फिरलं.

"कुणी सांगितलं होतं खोलायला?"

"पाटे कडक करायचे होते." ते ढिगात बोटं फिरवत राहिले. मग हळूच म्हणाले, "सकाळपासून बसलोय. कुठला तुकडा कुठला, दिसत नाय मला."

हे त्यांनी डॉक्टरांनाही कधी सांगितलं नव्हतं. माझा राग कुठल्या कुठे गेला. वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त आनंद झाला; लाज वाटावी इतका.

मी खुर्ची ओढून शेजारी बसले. मी तुकडा द्यायचा, त्यांनी चाचपून बसवायचा. "चुकीचा दिलास," म्हणून दोनदा परत केला, आणि दोन्ही वेळा मीच चुकले होते. रबरबँडला त्यांनी दुहेरी पीळ दिला. भरलेला टेम्पो डब्याला वळसा घालून गेला, तेव्हा आम्ही दोघंही ओरडलो.

जेवायला उठताना त्यांनी आपणहून माझा खांदा धरला.

"चल," म्हणाले, "मधे काय आलं तर सांग."