निळीची बादली

दुर्गापुऱ्यातल्या त्या घरात सुलोचनाबाईंचा दिवस नळाच्या खाकरण्याने सुरू होई. पहाटे नळ आधी खाकरायचा, मग गुरगुरायचा आणि मग धरणाचं गोड पाणी यायचं. ते थोडाच वेळ टिके. बाकी दिवसभर बोअरिंगचं जड पाणी. त्यात साबणाला फेस येत नसे, पांढऱ्या कपड्यावर पिवळट झाक चढे, आणि टॉवेल वाळला की त्याचा पापड होई.

त्यांच्या नवऱ्याला, शेषरावांना, पापड चालत नव्हता. अकोल्याचा हा धिप्पाड माणूस रेल्वेत फिटर होता. बदल्या होत होत जयपूरला आला आणि निवृत्तीनंतर इथेच राहिला. गेल्या दिवाळीनंतर त्याच्या अर्ध्या अंगावरून वारं गेलं. तेव्हापासून तो खिडकीजवळच्या खाटेवर पडून होता. कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती. कमरेवरची जखम आत्ता कुठे भरत आली होती. "खुरदरा कुछ मत लगाना, माताजी," असं नर्सने बजावलं होतं.

म्हणून सुलोचनाबाई टॉवेलांच्या मागे लागल्या. साबण निम्माच घालायचा, कारण धाग्यात राहिलेला साबणही टॉवेल ताठ करतो. सुगंधी सॉफ्टनर त्यांनी एकदा आणला होता. टॉवेल लोण्यासारखा मऊ झाला, पण पाणी काही शोषेना, नुसतं अंगावर फिरवत राहिला. तेव्हापासून शेवटचं खळबळणं फक्त गोड पाण्यात, थोडं व्हिनेगर घालून. पिळायचं नाही, दाबून पाणी काढायचं. सावलीत घालायचं आणि जरा दमट असतानाच काढून जोरात झटकायचं. हौस म्हणून त्या हे करत नव्हत्या. हात थांबला तर माणूस चिघळेल, एवढंच त्यांना ठाऊक होतं. खांदे मात्र आता झटकताना कुरकुरत.

बुद्धपौर्णिमा उद्यावर आली होती. सोडाल्याला एका हॉलमध्ये रेल्वेतली मराठी मंडळी वंदनेला जमणार होती. शेषराव पडल्यापासून सुलोचनाबाई दवाखाना आणि किराण्याचं दुकान सोडून कुठेच गेल्या नव्हत्या. जवाहर नगरला दिलेली मुलगी प्रियंका उद्या दुपारपर्यंत बाबांजवळ बसणार होती. जायचं ठरलं होतं. राहिली होती ती साडी.

पांढरी, निळ्या काठाची मलमलची साडी. ट्रंकेत पडून घड्यांवर पिवळी पडली होती. प्रियंका फोनवर म्हणाली, "आई, नवी घे ना. ऑनलाइन मंगवते, कल तक येऊन जाईल."

"नवी नको. ही तुह्या बाबानं दीक्षाभूमीहून आणली होती."

"मतलब, तू तीच नेसणार."

"हो. पिवळी नेसून गेली तर बाया म्हणतील, सुलोचना वंदनेले आली का हळदीले?"

आणि त्याच पहाटे, ऐन मे महिन्यात, नळ खाकरला, गुरगुरला आणि एक बादली देऊन गप्प झाला.

सुलोचनाबाई मोरीत पाटावर बसून त्या बादलीकडे बघत राहिल्या. साडी आणि टॉवेल दोन्ही बोअरिंगच्या पाण्यात धुऊन झाले होते, शेवटचं खळबळणं तेवढं राहिलं होतं. पाणी अर्धं अर्धं वाटावं तर दोन्हीला पुरणार नव्हतं. आधी टॉवेल घातले तर त्यांची लव पाण्यात सुटणार आणि मलमलीला चिकटणार. आधी साडी घातली तर पिवळेपणा घालवायला तिला नीळ लागणार, आणि त्या पाण्यात टॉवेल निळे होणार. बराच वेळ बसून शेवटी त्यांनी साडी बाजूला सारली आणि टॉवेल उचलला.

"साडी," खाटेवरून आवाज आला. खिडकी मोरीकडेच उघडत होती.

"तुमी पडून राहा. टॉवेल कडक झाले त तुमची चामडी सोलून निघन."

"साडी... आधी."

"अन् मंग टॉवेल? निळे होतील सारे."

शेषरावांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं. शब्द जमवायला त्यांना वेळ लागे.

"निळ्याचं... वावडं... काऊन? आपलाच... रंग हाय."

सुलोचनाबाईंना हसू आलं, पण ते पुरं हसण्याइतका दम उरला नव्हता. "फिटर गेला, पण जीभ नाही गेली," त्या पुटपुटल्या.

त्यांनी निळीचे थेंब पाण्यात ढवळले, साडी बुडवली, वर काढली, न पिळता दाबली. मग त्याच पाण्यात टॉवेल टाकले. ते एकसारखे निळे झाले नाहीत, ढगाळ आभाळासारखे डागाडागाचे झाले. पण मऊ राहिले.

दुसऱ्या दिवशी शेषरावांचं अंग पुसून झालं, तेच टॉवेल पुन्हा धुऊन गच्चीवर सावलीला पडले. "दमट असतानाच काढ बरं," असं प्रियंकाला दोनदा बजावून सुलोचनाबाई साडी नेसून रिक्षात बसल्या. हॉलमध्ये बायांनी "जयभीम, सुलोचनाताई, किती दिवसांनी!" म्हणत सरकून जागा दिली. त्यांनी भिंतीला पाठ टेकली. त्रिशरण म्हणेपर्यंत त्या जाग्या होत्या. पुढचं त्यांना आठवत नव्हतं. शेजारणीच्या खांद्यावर मान पडली होती, आणि कोणी उठवलं नव्हतं.

घरी आल्या तर प्रियंका कपाळाला हात लावून उभी. "सॉरी आई, बाबांना भरवत होते, ऊन कधी आलं कळलंच नाही." टॉवेल करकरीत वाळले होते.

साडी बदलायचंही सुलोचनाबाईंच्या जिवावर आलं. माठातलं गोड पाणी वाटीत घेऊन त्या खाटेच्या कडेला बसल्या, टॉवेलवर शिंतोडे मारले आणि टॉवेल टॉवेलवर घासू लागल्या. करकर हळूहळू कमी झाली. खांदा दुखत होता.

शेषराव साडीकडे बघत होते. "गेली... होती न?"

"गेली होती."

"बरं... वाटलं?"

"झोपली मी तिथं," त्या म्हणाल्या आणि दुसरा टॉवेल घासायला घेतला.