तिजोरीबाईंची खिडकी

कॉलेजच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या कोपऱ्यात तीन नंबरची खिडकी आहे आणि तिच्यामागे एकोणतीस वर्षं एकच बाई बसते. विद्यार्थी तिला तिजोरीबाई म्हणतात. बाईंना हे ठाऊक आहे. समोरच्या बाकावर कर्कटकाने कोरलेलं ते नाव त्यांनी वाचलंय, कोरणाऱ्याचं अक्षर त्याच्या प्रवेश अर्जावरून ओळखलंय, आणि तेही कोणाला सांगितलेलं नाही.

खिडकीमागच्या खोलीत लोखंडी रॅकवर साडेअकरा हजार फायली आहेत. नियम दोन. ज्याची फाईल त्याने पांढरा फॉर्म भरावा. त्याला सगळं दाखवायचं, आणि काही चुकलंय असं वाटलं तर त्याचा लेखी आक्षेप त्याच फायलीत लावायचा. दुसऱ्या कोणालाही, मग ती आई असो, बाप असो की होणारा सासरा, फायलीवाल्याच्या सहीचा गुलाबी फॉर्म असल्याशिवाय कव्हरसुद्धा दाखवायचं नाही.

नोकरीच्या पहिल्या वर्षी बाई मऊ होत्या. एखादी आई काकुळतीला येऊन विचारायची, "पास झाला का हो?" पोरगा पास असला की बाई म्हणायच्या, "काळजी करू नका." नापास असला की म्हणायच्या, "मला काही सांगता येणार नाही." महिनाभरात गावभर झालं की बाईंना सांगता येत नसेल तर पोराला घरी गेल्यावर मार आहे. तेव्हापासून बाईंनी एकच वाक्य ठेवलं. पहिल्या आलेल्यालाही तेच, शेवटून पहिल्यालाही तेच. सुवर्णपदकवाल्या मुलीचे वडील पेढ्यांचा पुडा घेऊन खिडकीवर आले होते. त्यांनाही, "मला काही सांगता येणार नाही." पेढे मात्र चांगले होते.

या सगळ्याचा कोणाला त्रास नव्हता. मग बाईंची सख्खी पुतणी कॉलेजात आली.

पुतणीला घरी ठमी म्हणतात. तिचे वडील, म्हणजे बाईंचा थोरला भाऊ दादा, रंगांचं दुकान चालवतो. गिऱ्हाईक पांढरा मागायला आलं तरी दादा त्याला दहा मिनिटं रेणू समजावून सांगतो. "रंग म्हणजे शुद्ध केमिस्ट्री. मी कॉलेजात केमिस्ट्रीत पहिला होतो," हे वाक्य त्या दुकानात डब्यांइतकंच जुनं आहे. ठमीला त्याने स्पष्ट सांगितलं होतं: केमिस्ट्री, नाहीतर दुकानाचं काउंटर.

सत्राच्या तिसऱ्या आठवड्यात ठमी तीन नंबरच्या खिडकीवर विषय बदलाचा अर्ज घेऊन उभी राहिली. केमिस्ट्री सोडून भूगर्भशास्त्र.

"ओळखपत्र," बाई म्हणाल्या.

"अगं आत्या, मी!"

"ते दिसतंय. ओळखपत्र."

ठमीने दिलं. बाईंनी फोटो पाहिला, ठमीला पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला आणि शिक्का मारला.

"बाबांना सांगशील?"

"मला काही सांगता येणार नाही."

"म्हणजे सांगणार नाहीस ना?"

"तेही सांगता येणार नाही. पुढचा."

दर रविवारी बाई दुपारी दादाकडे जेवायला जातात. ठमीचे रविवार आता घशाखाली उतरेनात.

"काय गं बेबी," दादाने पहिल्याच घासाला विचारलं. बाई पंचावन्नच्या आहेत, पण दादाला अजून कोणी कळवलेलं नाही. "पोरीची केमिस्ट्री काय म्हणते?"

"मला काही सांगता येणार नाही."

"वन्सं, भाजीत मीठ बरोबर आहे ना?" वहिनींनी घाईने विषय बदलला.

"मला काही सां... आहे, आहे. बरोबर आहे."

दादाला संशय आला. बुधवारी खिडकीवरचा फोन वाजला. पलीकडून जड आवाज आला, "मी शिक्षण खात्यातून मोठा साहेब बोलतोय. एका विद्यार्थिनीची माहिती हवी होती."

"साहेब, मागे रंग मिसळायचं मशीन वाजतंय का हो?"

पलीकडे क्षणभर नुसतंच मशीन वाजलं. "आमच्या ऑफिसात रंगकाम चालू आहे."

"असं? कोणता लावताय?"

आता इथे शहाणा माणूस फोन ठेवेल. पण रंगाचं विचारल्यावर दादाला गप्प बसणं जमलेलं नाही. "प्लॅस्टिक इमल्शन. दोन हात पुरतात. तिसरा सांगेल तो लबाड!"

"लेखी अर्ज पाठवा, साहेब. आणि वहिनीला सांगा, तिचा डबा माझ्याकडे राहिलाय."

पुढच्या रविवारी ठमीची पिशवी खुर्चीवरून घसरली आणि दादाच्या पायावर पडली. दादा ओरडला. पिशवीतून नऊ दगड आणि एक हातोडी निघाली.

"केमिस्ट्रीत दगड?"

"प्रयोगाला लागतात," ठमी म्हणाली.

"आणि हातोडी?"

"नाही विरघळले तर."

वहिनींना ठसका लागला. दादाने अंगठा चोळत बहिणीकडे पाहिलं. "बेबी, ही अजून केमिस्ट्रीतच आहे ना? हो किंवा नाही."

टेबलाभोवतीची सगळी तोंडं बाईंकडे वळली. ठमीचा चेहरा पांढराफटक पडला होता, दादाच्या दुकानात ज्याला 'चांदणं' म्हणतात त्या छटेचा.

बाईंच्या जिभेवर एक वाक्य तयार होतं. ते उच्चारलं असतं तर दादा जन्मभर गप्प झाला असता. कारण दादाही याच कॉलेजचा. नोकरीच्या पहिल्याच वर्षी खालच्या रॅकला वाळवी लागली तेव्हा जुन्या फायलींना बाईंनीच नवी कव्हरं घातली होती. दादाच्याही. केमिस्ट्रीतला पहिला नंबर त्या फायलीत कुठेच नव्हता. होते ते पन्नासपैकी नऊ, पुढच्या खेपेला पन्नासपैकी सात, आणि त्यानंतर इतिहास घेऊन पार पाडलेली पदवी.

बाईंनी ते वाक्य पाण्याच्या घोटाबरोबर गिळलं.

"मला काही सांगता येणार नाही."

"हद्द झाली! सख्ख्या भावापेक्षा ती खिडकी मोठी? बास. उद्यापासून ही दुकानात. नाव काढून टाकतो कॉलेजातून!"

"थांबा बाबा," ठमी म्हणाली. तिने हातातला घास ताटात ठेवला. "मी गुलाबी फॉर्म देते. माझी फाईल तुम्ही स्वतः वाचा. मग काय ते ठरवा. वाचायच्या आधी नाही."

दादाने बहिणीकडे पाहिलं.

"साडेदहा ते एक," बाई म्हणाल्या. "ओळखपत्र आण."

सोमवारी दादा इस्त्रीचा शर्ट घालून रांगेत सातवा उभा होता. नंबर आल्यावर त्याने ठमीच्या सहीचा फॉर्म आत सरकवला.

"ओळखपत्र."

"बेबी, लोक बघतायत."

"खिडकीवर बाई म्हणतात."

त्याने गाडीचा परवाना दिला. बाईंनी फोटो पाहिला, दादाला पाहिलं. "फोटोत केस आहेत," एवढं नोंदवून त्यांनी फाईल दिली.

दादा कोरलेल्या बाकावर बसला. केमिस्ट्री, पहिली चाचणी: पन्नासपैकी अकरा. त्या अकरावर त्याची नजर बराच वेळ अडकली. मग पान उलटलं. भूगर्भशास्त्र: पन्नासपैकी त्रेचाळीस. खाली शिक्षकांचा शेरा: 'प्रयोगशाळा बंद करताना हिला बाहेर काढावं लागतं.' तो शेरा दादाने तीनदा वाचला. तिसऱ्यांदा ओठ हलवत.

फाईल परत करताना त्याने मान खिडकीच्या आत घातली. "बाई... इथे जुन्या फायलीही असतात?"

"सगळ्या."

"खूप जुन्या?"

"वाळवी लागली त्या वर्षी खालच्या रांगेला मीच नवी कव्हरं घातली."

"म्हणजे तू पाहिलंयस."

"मला काही सांगता येणार नाही."

"अगं, माझंच मी विचारतोय!"

"मग पांढरा फॉर्म."

दादा मनातल्या मनात रविवार मोजू लागला. एकोणतीस वर्षांचे रविवार. दर रविवारी तो केमिस्ट्रीत पहिला यायचा, आणि ही बाई समोर बसून शांतपणे कोशिंबीर पुढे करायची. त्याला हसू फुटलं. आधी पोट हललं, मग खांदे, मग खिडकीची फळी. मागचा मुलगा म्हणाला, "काका, निकाल इतका वाईट आहे का?" त्यावर तर दादाला धरून बाकावर बसवावं लागलं.

डोळे पुसून त्याने पांढरा फॉर्म भरला, स्वतःची फाईल वाचली आणि नियमाप्रमाणे लेखी आक्षेपही नोंदवला: 'पेपर फार कठीण होता.' बाईंनी तो नियमाप्रमाणे फायलीत लावला.

रविवारी जेवताना दादा रेणूंबद्दल चकार शब्द बोलला नाही. ठमी अस्वस्थ झाली. "आत्या, बाबांना काय झालंय? मी कॉलेजात राहणार की काउंटरवर?"

"मला काही सांगता येणार नाही."

दादाने खिशातून एक घडी केलेला गुलाबी फॉर्म काढला आणि ठमीच्या ताटाशेजारी ठेवला. त्यावर त्याची सही होती. "उद्या कॉलेजात गेलीस की तीन नंबरला जा. बापाची फाईल वाच. आणि आईला काय सांगायचं ते आधी मला विचार."

"का? काय आहे त्यात?" वहिनींनी विचारलं.

दादाने बहिणीकडे पाहिलं. बहिणीने कोशिंबीर पुढे केली.