आईच्या किटलीचा प्लग

आई डोंबिवलीत एकटी राहते, मी घोडबंदर रोडला. आमच्याकडे राहायला ये म्हटलं की तिचं एकच उत्तर, "माझं मला जमतंय तोवर नाही."

म्हणून गेल्या वर्षी तिच्या ओट्यावरच्या किटलीला मी स्मार्ट प्लग लावला. सॉकेट आणि किटली यांच्यामध्ये बसणारी ही एक डबी. आत वायफायवर चालणारं बटण आणि वीज मोजायची सोय. किटली पंधराशे वॉटची, म्हणजे साडेसहा अँपिअर ओढणार. सहाचा प्लग चालला नसता, सोळाचा घेतला. आईला सांगितलं, "किटली चालू राहिली तर मला घरून बंद करता येईल." हे खरं होतं, पण अर्धंच. ती उठल्यावर आधी गरम पाणी पिते. रोज सव्वासहाच्या सुमारास माझ्या फोनवर पंधराशेचा आकडा दिसायचा, चार मिनिटांनी शून्य. मग मी दाढीला लागायचो.

एका मंगळवारी आकडा आलाच नाही. पावणेसातला बघितलं तर प्लग ऑफलाइन. आई फोन उचलेना. गाडी काढली. वाटेतल्या कापूरबावडी नाक्यापर्यंतच पस्तीस मिनिटं गेली. तोवर मी अकरा वेळा फोन लावला होता.

माझ्याकडच्या किल्लीनं दार उघडलं. घरात कोणी नाही. अंथरूण घडी केलेलं, झाडून सगळी बटणं बंद. किटलीच्या सॉकेटच्या बटणावर 'हे बटण बंद करू नये' अशी चिठ्ठी मी चिकटवली होती, तेही बंद.

दहा मिनिटांत आई आली, हातावर कापसाचा बोळा.

"काय रे, आज सुट्टी?"

"फोन कुठंय तुझा?"

"राहिला घरी. उपाशीपोटी तपासणीला रक्त द्यायचं होतं, लवकर गेलेले."

"आणि हे बटण? चिठ्ठी दिसली नाही?"

"बाहेर जाताना बटण चालू ठेवून गेलेय का मी कधी?"

मग सगळं सांगावंच लागलं. फोनवर महिन्याभराचे आकडे दाखवले. ती चष्मा लावून बघत राहिली.

"म्हणजे मी उठले की तुला कळतं."

"हो."

"आणि मला बोलला नाहीस."

आता प्लग काढायला लावणार, असं वाटलं.

"तुझं वय काय रे?"

"एक्कावन्न."

"बीपीची गोळी कोण घेतं?"

"मी."

"मग तुझं मला कोण कळवणार?"

रविवारी माझ्या टेबलावरच्या दिव्याला दुसरा प्लग लावला आणि तिच्या फोनवर तो कसा बघायचा ते शिकवलं. परवा अंगात ताप होता, ऑफिसला गेलो नाही. तिला कळवलं नव्हतं. अकराला तिचा फोन.

"दिव्याचे नऊ वॉट दिसतायत. या वेळी घरी आहेस ना? ताप आहे का?"

"शंभर पॉइंट चार."

"आणि खाल्लंस काय?"