आधणाच्या आतलं शहर

घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेल्या माझ्यासारख्यानं कुणाबद्दल लिहायला बसावं, हे धाडसच आहे; चुकलंमाकलं पोटात घाला. पण आमच्या घरमालक काकांएवढा पसरत्या शहराचा वैरी अख्ख्या छत्रपती संभाजीनगरात दुसरा नसेल, एवढं मी ठामपणे सांगू शकतो.

गुलमंडीमागच्या बोळात त्यांचं बैठं घर आणि गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत मी. काकांची सगळी नोकरी नकाशे काढण्यात गेलेली. शहरानं वर वाढावं, आडवं नाही, हा त्यांचा धर्म. "भाकरी लई थापली की मधीच फाटती," ते म्हणत. "नळ, गटार, बस, ताणून ताणून किती ताणणार?" विकास आराखड्यावर हरकती मागवल्या, तेव्हा त्यांनी अर्जाला फाटक्या भाकरीचा नकाशा जोडला होता, प्रमाण आणि उत्तर दिशेसकट.

वस्ती राहण्याजोगी आहे का, हे ठरवायची त्यांची एकच परीक्षा. चहाचं आधण ठेवायचं आणि चालत दूध आणायला निघायचं. पाणी उकळायच्या आत परतलात तर ते शहर, नाहीतर नुसता प्लॉट. गुलमंडीत काका दूध, कोथिंबीर आणि एखादं भांडण उरकून वेळेत परतत.

पण त्यांच्या मुलानं, म्हणजे दादांनी, बायपासच्या पलीकडं प्लॉट घेतला. हे घर विकून तिथं बंगला बांधायचा, असं जवळजवळ ठरलंच.

"बाबा, तिथं हवा मोकळी आहे."

"हवा लई हाय रे, दूध कुठं हाय?" काकांनी अट घातली. प्लॉट परीक्षेत पास झाला, तरच विक्रीच्या कागदावर सही.

रविवारी आम्ही तिघं छोटी शेगडी आणि पातेलं घेऊन प्लॉटवर गेलो. दादांना घेऊन काका दूध आणायला निघाले. मला बजावलं, "शेगडीला हात लावायचा नाय. परीक्षा हाय!" परीक्षेत मी कधी गैरप्रकार केलेला नाही. पाणी उकळलं, आटलं, पातेलं काळं ठिक्कर पडलं. मी हाताची घडी सोडली नाही. तासाभरानं दोघं आले. दादा घामाघूम, काका विजयी, दूध नासायच्या बेतात.

काकू घरी म्हणाल्या, "ह्यांची परीक्षा झाली, माझं पातेलं नापास झालं. अन् तू रे, कॉलेजात हेच शिकतो व्हय?"

दादांचं काय ठरतंय ते कळायच्या आतच मी वार्षिक परीक्षा देऊन वैजापूरजवळच्या आमच्या गावी आलो. महिनाभर कळेना, सही झाली की नाही. फोन करून विचारायचा धीरही होईना.

परवा दादांचाच फोन आला. प्लॉट विकला. आहे त्याच घरावर दोन मजले चढवतायत. मी आनंदानं ओरडलोच. दादा म्हणाले, "फक्त तुझी गच्चीवरची खोली पाडावी लागली रे."

मागून काकांचा आवाज आला, "त्याला म्हणावं, नवं पातेलं आणलंय. चहाला येत जा!"

मित्रानं माझ्यासाठी दुसरी खोली बघून ठेवलीय, बायपासच्या पलीकडं. हवा मोकळी आहे म्हणतो. दूध किती लांब आहे, ते मी विचारलं नाही.