हॉलंडच्या पाहुण्याची गादी

हॉलंडमध्ये या क्षणी किती वाजले आहेत, हे जुन्नरकडच्या आणे गावाच्या पठारावर बसून घड्याळाकडे न बघता सांगू शकणारा माणूस पृथ्वीवर एकच होऊन गेला, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा होता. आम्ही त्यांना दाजी म्हणत असू. हॉलंडला त्यांना कुणी ओळखत नव्हतं. पण ओळख करून दिली की जगातलं कुठलंही काम होतं, आणि आपली ओळख द्यायला आजवर कुणी गेलेलं नाही एवढीच काय ती अडचण आहे, असा त्यांचा समज होता. या समजावर ते शेवटपर्यंत सुखात राहिले.

नव्वदनंतरच्या त्या वर्षांत वर्तमानपत्रं परदेशी भांडवलाच्या बातम्यांनी भरलेली असत. दाजी ती वाचून घडी करून बंडीच्या खिशात ठेवत आणि अधूनमधून चाचपून बघत, जणू भांडवल तिथपर्यंत आलंच आहे. आमच्या पठारावर पाणी फार कमी. जे भरपूर आहे ते ऊन आणि वारा. या दोघांना कामाला लावून दाजींनी कांदा वाळवायची शेड उभी केली होती. गावातल्या सव्वीस बायका विळीवर कांदा चिरायच्या, चकत्या जाळ्यांवर पसरायच्या, आणि पुढचं काम वारा करायचा. शेड होती म्हणून त्यांची घरं गावात होती. नसती, तर पुण्याकडे कुठेतरी पत्र्याच्या खोलीत गेली असती. पण वाळलेल्या कांद्याची गिऱ्हाइकं हळूहळू मशीनवाल्यांकडे वळत होती. दाजी मला म्हणायचे, "पावणं, ह्या बायांचं काम टिकवायचं तर बाहेरचं कुणीतरी मोठं जोडून घ्याया पायजे. परदेशी पैसा हिकडं येत न्हाई, कारण त्येला कुणी रीतसर बोलावतच न्हाई."

रीतसर बोलावण्याचं काम माझ्याकडे आलं. मी जुन्नरच्या शाळेत ग्रंथपाल. इंग्रजी बऱ्यापैकी यायचं आणि शेतीच्या मासिकांतून परदेशी कंपन्यांचे पत्ते मिळायचे. शनिवारी शाळा सुटली की एसटीने आण्याला जायचं, आणि ओसरीवर बसून दाजी सांगतील ते इंग्रजीत उतरवायचं. अडचण अशी, की दाजींना बोलावणं म्हणजे लग्नाचंच बोलावणं ठाऊक. पत्राच्या चारही कोपऱ्यांना ते हळदकुंकू लावत. 'सहकुटुंब, सहपरिवार' हे शब्द आलेच पाहिजेत असा हट्ट धरत. आणि पाकीट चिकटवण्याआधी आत चिमूटभर अक्षता टाकत.

"दाजी, ते लोक याला कसलंतरी बी समजतील," मी एकदा म्हणालो.

"समजू द्या की. पेरत्याल."

ताई आतून म्हणाली, "आन उगावलं न्हाई तर तुमालाच नावं ठिवत्याल, अवो!"

अशी किती पत्रं गेली, आठवत नाही. उत्तर एकच आलं. हॉलंडच्या एका कंपनीने कळवलं होतं, की आमचे एक अधिकारी कधीतरी भारतात येणार आहेत, जमल्यास शेड पाहतील. 'जमल्यास' हा शब्द मी मराठीत आणताना थोडा सांभाळून आणला, पण दाजींना तो ऐकूच आला नाही. आठवड्याच्या आत ओसरीवर दुसरं घड्याळ लागलं, आपल्यापेक्षा साडेचार तास मागे. माजघरात नव्या कापसाची गादी आली. तिच्यावर पांढरी चादर, कडेला डांबराच्या गोळ्या. त्या गादीवर कुणी टेकायचं नाही. मी नाही, लेकी नाहीत, जावईसुद्धा नाही. दाजी आपले सकाळी गोठा आवरून ओसरीवर बसत आणि आधी त्या घड्याळाकडे बघून, पुढे न बघताच, एखाद्या नातलगाबद्दल बोलावं तसं बोलत. "आत्ता निजलं असत्याल. थंडी लई तिकडं." दीडच्या सुमारास, "आता बसलं असत्याल हापिसात." ताई भाकरी थापताना विचारायची, "न्याहारी केली का त्यांनी? का तशेच गेले?" दाजी या प्रश्नाचा खरोखरच विचार करत.

साहेब दीड वर्षानं आले. उंच, शांत, विटकरी रंगाचे, बरोबर पुण्याचा एक दुभाषा. त्या दिवशी दाजींनी जे केलं ते आमच्या गावात कुणीही केलं असतं. पाहुणा आला की मांडव भरलेला दिसला पाहिजे. म्हणून त्यांनी आदल्या दिवशी घरटी एक बाई सांगून ठेवली होती. साहेब शेडमध्ये शिरले तेव्हा सव्वीस जणींच्या शेडमध्ये साठेक बायका दाटीवाटीनं बसून कांदा चिरत होत्या. काहींनी तर ठेवणीतली लुगडी नेसली होती. इतका कांदा एका वेळी त्या छपराखाली कधीच चिरला गेला नसेल. बायका रडत होत्या, मी रडत होतो, दुभाषा रुमालात तोंड घालून भाषांतर करत होता, आणि साहेबांच्याही गालांवरून धारा वाहत होत्या. दाजी मात्र कोरड्या डोळ्यांनी, फेटा सावरत, अभिमानाने उभे होते.

साहेबांनी डोळे पुसले, बायका मोजल्या, वाळलेला माल पाहिला, आणि दुभाष्याला काही सांगितलं. दुभाषा म्हणाला, "साहेबांना पठार आवडलं. वारा आवडला. ते पैसे घालायला तयार आहेत. पण म्हणतात, एवढ्याशा मालाला साठ माणसं फार झाली. ते मशीन देतील. मग बारा बायका पुरतील."

दाजींचा चेहरा मी तेव्हा पाहिला. ते घाईने म्हणाले, "आवो, साठ न्हाईत! सव्वीसच हाईत खऱ्या. बाकीच्या आपल्या मांडव भराया आल्यात. सांगा त्यान्ला!"

दुभाष्याने सांगितलं. साहेब पहिल्यांदाच हसले, अगदी मनापासून. मग मान हलवून म्हणाले, सव्वीस असल्या तरी बाराच.

पुढचा शनिवार मला विसरता येत नाही. ओसरीवर दोन्ही घड्याळं चालू होती. शेड चालवायची तर हे पैसे हवे होते, हे दाजींना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. त्यांनी बंडीच्या खिशातली घडी चाचपली. मग म्हणाले, "ल्ह्या. आपण आलात, लई आनंद झाला. पर पंगतीत बसलेल्या मान्साला उठवून पाव्हण्याला पाट देत न्हाईत आमच्याकडं. सव्वीस जणी ऱ्हाणार आसतील तर मशीन बी येऊ द्या आन तुमी बी या. गादी घातलेली हाय."

पंगत इंग्रजीत कशी आणायची याचा मी फार वेळ विचार केला. शेवटी जमेल तसं लिहिलं. पाकिटात अक्षता होत्याच. उत्तर आलं नाही. दाजींनी घड्याळ उतरवलं नाही की गादी काढली नाही. "इचार करत असत्याल," एवढंच म्हणत.

शेड चालू राहिली, जवळच्या बाजारांच्या आधाराने, कशीबशी. दाजींनी एकीलाही घरी बसवलं नाही. पण कुणी सुनेकडे पुण्याला गेली, कुणाचे गुडघे गेले, कुणी स्वतःच गेली, आणि त्यांच्या जागी पोरी आल्या नाहीत. दाजी वारले त्या वर्षी शेडमध्ये नऊ जणी उरल्या होत्या. साहेबांच्या बारांपेक्षाही तीन कमी. हा हिशेब मी त्यांच्यासमोर कधी मांडला नाही. त्यांनी तो केला नव्हता असंही मला वाटत नाही.

दहाव्याला त्या नऊही आल्या. ओसरीच्या कडेला ओळीने बसल्या. त्यांतली सगळ्यात म्हातारी पदराने डोळे पुसत शेजारणीला म्हणाली, "आज तर कांदा बी न्हाई गं."

माणसं पांगल्यावर मी स्टुलावर चढलो. दुखवट्याच्या घरात चुकीची वेळ दाखवणारं घड्याळ मला बरं वाटेना. ताई म्हणाली, "ऱ्हाऊ दे. त्येला नको हात लावू." मग माजघरात गेली आणि बऱ्याच वेळाने मला हाक मारली. पांढरी चादर झटकून तिने ती गादी अंथरली होती.

"पड जरा. दोन रात्री झोपला न्हाईस."

"ताई, ही…"

"पड म्हंते ना. कुणीतरी निजू दे एकदा तिच्यावर."

मी आडवा झालो. गादीला अजून नव्या कापसाची ऊब होती आणि डांबराच्या गोळ्यांचा वास. बाहेर पठारावरचा वारा शेडच्या जाळ्या हलवत होता. दारातून ओसरीवरचं ते घड्याळ दिसत होतं. त्यात नऊ वाजत होते. आता बसले असतील ऑफिसात, माझ्या मनात आलं.