तात्यांचं नखरेल पिस्तूल

तात्या गेल्याचा फोन त्यांच्या पुतणीने, मानसीने केला. मी देवरूखहून त्यांच्या गावी, पावसला पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. नौदलात शस्त्रदुरुस्तीत उमेदीची वर्षं घालवून निवृत्त झाल्यावर तात्या रत्नागिरीत आम्हा मुलींना एअर पिस्तूल शिकवायचे.

आमच्याकडे पिस्तुलं दोनच. एक दांडी ओढून हवा भरायचं, त्याला आम्ही ठोकळा म्हणायचो. मोजके भाग, फडक्याने पुसलं की झालं. पण ट्रिगर करकरत यायचा, कधी सुटेल याचा भरवसा नाही. दुसरं सिलेंडरवालं. त्याचा ट्रिगर एका जागी हलकेच अडायचा आणि तिथून मनात आलं की सुटायचा. नखरे मात्र फार... खाऱ्या हवेत त्याच्या रबरी रिंगा सांभाळा, सांधे पुसा. तात्या आम्हाला डोळे मिटायला लावून नुसत्या ट्रिगरवरून सांगायला लावायचे, कोणतं पिस्तूल आणि कुठली सफाई राहिलीय. मी कधी चुकले नाही. शाबासकीही कधी मिळाली नाही.

राज्याच्या संघाच्या निवडीला चार दिवस असताना सिलेंडरवालं कपाटात दिसेना. "रिंग गेली गो बाय त्याची, पुण्याला धाडलंय," तात्या म्हणाले. "तू आपला ठोकळाच ने." मी नेला आणि सपाटून आपटले. मानसीही आमच्यातच शिकायची; तिची फेरी दुसऱ्या दिवशी होती. तिची निवड झाल्याचं मला घरी कळलं. तात्या एवढंच म्हणाले, "तुझ्या बोटातच नाय ते." मी नेमबाजी सोडली, देवरूखला नोकरी धरली. अकरा वर्षं ते वाक्य खरं मानून जगले.

बाराव्याला मानसीने मला त्यांच्या खोलीत नेलं, कपाट उघडलं. आत ते सिलेंडरवालं पिस्तूल होतं. "ताई, हे पुण्याला गेलंच नव्हतं. माझ्याकडे होतं." ती खाली बघत होती. "मी काकांना म्हटलं होतं, दिवस वेगळे आहेत तर दोघी वापरू की. तर म्हणाले, तिच्या हातात हे गेलं तर तू घरी बसशील. त्या निवडीनंतर त्यांनी हे कपाटात ठेवलं ते ठेवलंच, मलाही पुन्हा दिलं नाही."

इतका राग मला आयुष्यात कोणाचा आला नव्हता, आणि भांडायला माणूसच उरलं नव्हतं. पिस्तूल हातात घेतलं. सांध्यांवर ताजं तेल होतं, रिंगा नव्या होत्या. अकरा वर्षं कोणी न वापरलेलं ते पिस्तूल तात्या शेवटपर्यंत पुसत होते... आणि मला एक फोन करणं त्यांना जमलं नाही.