न दुखणारा डाग

“आजोबा, हा बिब्ब्याचा डाग नाही. हा स्क्रब टायफस आहे,” सांगलीच्या रुग्णालयातील डॉक्टर बाई म्हणाल्या.

माझी पत्नी शालन तेव्हा अतिदक्षता विभागात होती. तिच्या कमरेवर, परकराची नाडी बसते तिथे, हरभऱ्याएवढी काळी खपली होती. बाईंच्या आधी ती कोणत्याही डॉक्टरने पाहिली नव्हती.

स्क्रब टायफस हा गवतातील अतिसूक्ष्म किड्याच्या चाव्याने येणारा ताप आहे. चावा कळत नाही. त्या जागी काळी खपली धरते. तिला एश्चर म्हणतात.

आमचे गाव इस्लामपूरजवळ. पावसाळा सरताना शालनने बांधाचे गवत कापले. कंबर धरली, म्हणून तिच्या जावेने बिब्बा घातला, म्हणजे बिब्ब्याच्या गरम तेलाचा चटका दिला. पुढे थंडी वाजून ताप आला. गावातील तरुण डॉक्टरांनी टायफॉइड धरून औषध दिले. ताप हटेना. अंग पुसताना सुनेला खपली दिसली.

“आत्या, हे डॉक्टरांना दाखवूया.”

“बिबा उतलाय गं. त्या पोरासमोर लुगडं सोडू व्हय?”

मी दारातून विचारले, दुखते का.

“न्हाई. आवं, पलटणीत हुता तवा कवा इचारलं न्हाई, आन् आता लय चौकशी!”

सून हसली. मलाही हसू आले. बिब्ब्याचा डाग आमच्याकडे कोणीही ओळखतो, असा आमचा समज आहे.

नंतर तिला धाप लागली. सांगलीला नेले. रक्ततपासणीत मूत्रपिंडे निकामी होत असल्याचे दिसले. व्हेंटिलेटर, म्हणजे श्वास देणारे यंत्र, लावले. मी बाहेरच्या बाकावर बसून राहिलो.

“डॉक्सिसायक्लिन नावाच्या साध्या गोळ्यांनी हा ताप उतरतो. पण त्या लवकर मिळाव्या लागतात,” बाई म्हणाल्या. “वाड्यावस्त्यांवर हा आजार पुष्कळ आहे. बायका खपली दाखवत नाहीत, आणि आम्हीही प्रत्येक वेळी शोधत नाही.”

त्या खरे बोलल्या, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

शालन वाचली नाही.

ज्यांच्या घरी ताप आहे त्यांनी एवढे करावे. काख, कंबर, जांघ, गुडघ्यामागची जागा पाहावी. बिब्बा उतला, म्हणजे त्याने कातडीवर फोड आले, की आग होते, खाज सुटते. एश्चर बहुधा दुखत नाही. न दुखणारी काळी खपली दिसली तर लाज बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी.

दिवाळीनंतर शेजारच्या वस्तीवरील सुमनला ताप आला. मी तिच्या दारात जाऊन विचारले, अंगावर कुठे काळा डाग आहे काय. ती अवघडली. तिची सासू म्हणाली, “म्हातारं काय बी इचारतंय!” तरी तिने सुनेला आत नेऊन पाहिले. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. डाग काखेत होता.

आम्ही तिला लगेच आरोग्य केंद्रात नेले. गोळ्या सुरू झाल्या. सुमन बरी झाली.

तिचा नवरा पेढे घेऊन आला. मी पुडा घेतला आणि घरात हाक मारली.

सून बाहेर आली. मी शालनला हाक मारली होती.